मुखत्यारपत्र फाडले, तरी मुखत्यारी संपली का?

माझी आत्या लग्न होऊन पुण्याला गेली त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली, परंतु ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजात, आजोबांच्या वाड्याचा जो भाग वाटणीत तिच्याकडे आला, त्यात आजही चार भाडेकरू राहतात. दर महिन्याला ग्वाल्हेरला येणे तिला शक्य नव्हते, म्हणून तिने ओळखीच्या एका गृहस्थांना मुखत्यारपत्र लिहून दिले. त्यांनी भाडे गोळा करावे, किरकोळ डागडुजी करून घ्यावी, नगर निगमचा कर भरावा आणि उरलेली रक्कम तिच्या खात्यात जमा करावी, असे ठरले. काही वर्षे हे सुरळीत चालले. मग हिशेब येईनासा झाला, आणि एके दिवशी संतापाच्या भरात आत्याने आपल्याजवळची प्रत फाडून टाकली, त्या गृहस्थांना फोनवरून "यापुढे माझ्या वाड्याचे काम तुम्ही पाहायचे नाही" असे सांगितले आणि विषय मिटला असे मानले. त्यानंतरचे चार महिने भाडेकरू पूर्वीप्रमाणे त्याच गृहस्थांच्या हाती भाडे देत राहिले, कारण त्यांना कोणी काही कळवलेच नव्हते. आत्याने ते भाडे भाडेकरूंकडे पुन्हा मागितले, तेव्हा तिच्याच वकिलांनी सांगितले की या बाबतीत कायदा भाडेकरूंच्या बाजूने आहे.

तिला हा अन्याय वाटला, आणि खरे सांगायचे तर प्रथम मलाही तसेच वाटले. पुढे मी कायद्याचे ते प्रकरण बसून वाचले, तेव्हा लक्षात आले की आत्याची चूक मुखत्यारपत्र देण्यात नव्हती. ते कसे संपवावे हे तिला ठाऊक नव्हते. परगावी गेलेल्या मुलाबाळांची घरे, दुकाने आणि शेती इथे राहिलेला कोणीतरी भाऊ, भाचा किंवा शेजारी सांभाळतो, अशी मराठी कुटुंबे ग्वाल्हेरात पुष्कळ आहेत. त्या सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून हा विषय शक्य तितक्या साध्या शब्दांत मांडत आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या दहाव्या प्रकरणात, म्हणजे कलम १८२ ते २३८ मध्ये, मुखत्यार आणि त्याला नेमणारा यांच्या नात्याचे नियम दिलेले आहेत. एका व्यक्तीसाठी काम करण्यास, किंवा तिसऱ्या माणसाशी व्यवहार करताना तिची जागा घेण्यास, जो नेमला जातो तो एजंट. ज्याच्यासाठी तो हे करतो, त्याला कायद्याच्या पुस्तकात जड नावे आहेत; मी त्याला आपल्या पेढ्यांवरचा जुना शब्द वापरून धनी म्हणेन. एजंटाने दिलेल्या अधिकारात राहून जे केले, ते धन्यानेच केले असे कायदा मानतो. एजंटाने लिहून दिलेली भाडेपावती ही धन्याची पावती, आणि एजंटाने कबूल केलेला सौदा हा धन्याचा सौदा. दुसऱ्याच्या हाताने केलेली गोष्ट आपल्याला बांधून टाकते, एवढ्यासाठीच या नात्यातील कर्तव्ये इतकी काटेकोर आहेत.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. मराठेशाहीत वकील म्हणजे दुसऱ्याच्या दरबारी आपल्या धन्याच्या वतीने बोलणारा माणूस. बादशहा शाह आलम याने १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक हे पद पेशव्यांना दिले आणि त्यांचे नायब म्हणून प्रत्यक्ष कारभार महादजी शिंदे यांनी पाहिला. म्हणजे बादशहाचे मुखत्यार पेशवे आणि पेशव्यांच्या वतीने शिंदे, अशी दुहेरी साखळी ज्याच्या इतिहासात आहे, त्या गावात मुखत्यारी समजावून सांगणे फारसे अवघड जाऊ नये.

हे नाते जुळण्यासाठी फार काही लागत नाही. धनी सज्ञान आणि शुद्धीवर असला पाहिजे. एजंटाला मोबदला ठरवलाच पाहिजे असेही नाही. फुकट काम करणारा भाचाही कायद्याने एजंटच असतो. लेखी कागद प्रत्येक वेळी आवश्यक नसतो, बोलण्यावरून आणि वागण्यावरूनही अधिकार दिला गेला असे ठरू शकते. येथे एक सावधगिरी सांगतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला एजंट म्हणून पाठवता येते, आणि त्याने केलेला व्यवहार समोरच्या माणसापुरता धन्यावर बंधनकारकही होतो, परंतु त्याने घोटाळा केला तर एजंट म्हणून त्याला धन्यापुढे जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे घरातल्या अल्पवयीन मुलाला वसुलीला पाठवताना त्याची जोखीम आपल्यावरच राहते.

आता एजंटाची कर्तव्ये. पहिले कर्तव्य सांगितल्याप्रमाणे वागण्याचे आहे, आणि जिथे धन्याने काही सांगितलेले नाही तिथे त्या धंद्याच्या त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणे वागण्याचे. याविरुद्ध वागून तोटा झाला तर तो एजंटाने भरून द्यायचा, आणि नफा झाला तर तोही धन्याच्याच हिशेबात दाखवायचा. हा दुसरा भाग अनेकांना विचित्र वाटतो, पण त्यामागे चांगला विचार आहे: धन्याच्या मालावर स्वतःच्या मनाने जुगार खेळण्याची इच्छाच एजंटाला होऊ नये. दुसरे कर्तव्य कौशल्याचे आणि काळजीचे आहे. समजा, दाल बाजारातील एका व्यापाऱ्याने परगावच्या अडत्याकडे मोहरी विकायला पाठवली आणि उधारीवर विकण्याची मुभा दिली. अडत्याने घेणाऱ्याची पत किती, याची नेहमीची चौकशी न करता माल देऊन टाकला, आणि घेणारा त्या वेळी आधीच दिवाळखोरीत होता, तर होणारे नुकसान अडत्याने भरून द्यावे लागते. उधारीची परवानगी म्हणजे डोळे मिटून उधार देण्याची परवानगी नव्हे.

मागितला की हिशेब दिला पाहिजे, हे कलम २१३ सांगते. आत्याचा तंटा खरे तर याच कलमाचा होता. पुढे कलम २१७ आणि २१८ यांत हिशेबाची रीत दिली आहे. एजंटाने धन्याच्या नावे घेतलेल्या रकमेतून स्वतःचा आगाऊ खर्च, कामावर झालेला योग्य खर्च आणि ठरलेला मोबदला कापून घ्यावा आणि बाकी सगळी रक्कम धन्याला द्यावी. म्हणून वाड्याची गळती थांबवण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घातले, हे त्या गृहस्थांचे म्हणणे खरे असेल तर तो खर्च भाड्यातून वळता करण्याचा त्यांना अधिकार होता. खर्चाचा तपशील न दाखवता रक्कम ठेवून घेण्याचा मात्र नव्हता. अडचण आली तर धन्याशी संपर्क साधून त्याची सूचना मिळवण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करणे, हेही कर्तव्य आहे. पावसाळ्यात भिंतच कलली आणि धन्याशी बोलणे होऊ शकले नाही, अशा आणीबाणीत सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या घरासाठी जे करील ते करण्याची मुभा कायदा देतो, आणि त्या कामाने धनी बांधला जातो.

एजंटाने ज्या कामासाठी स्वतः अंगावर जबाबदारी घेतली, ते काम त्याने साधारणपणे दुसऱ्यावर सोपवू नये. धंद्याचा रिवाज किंवा कामाचे स्वरूप तसे असेल तरच उपएजंट नेमता येतो. धन्याने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो माणूस एक, आणि प्रत्यक्षात चावी घेऊन फिरणारा दुसराच, हे धन्याच्या संमतीशिवाय चालत नाही.

या सर्वांपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते निष्ठेचे कर्तव्य, कारण घोटाळे बहुधा तिथेच होतात आणि ते लवकर दिसत नाहीत. कायद्याने स्वतःच दिलेली दोन उदाहरणे येथे सांगण्यासारखी आहेत. एका धन्याने आपली जमीन विकण्यास एजंटाला सांगितले. जमीन पाहताना एजंटाला तिथे खाण असल्याचे आढळले. त्याने ही गोष्ट दडवली आणि जमीन आपणच घेतो एवढेच धन्याला कळवले. धन्याने अज्ञानात होकार दिला. पुढे खरे कळल्यावर ती विक्री मोडावी की कायम ठेवावी, हे ठरवण्याचा अधिकार धन्याकडे राहतो. दुसऱ्या उदाहरणात धन्याने एजंटाला एक विशिष्ट घर आपल्यासाठी विकत घ्यायला सांगितले. एजंटाने ते घर मिळत नाही असे खोटेच सांगून स्वतःसाठी घेऊन टाकले. धन्याला हे कळले तर एजंटाने ज्या किमतीला ते घेतले, त्याच किमतीला ते धन्याला विकण्यास त्याला भाग पाडता येते. जुन्या लष्करात घरांचे व्यवहार तोंडी बातमीवर होत असतात, आणि खरेदीदार शोधून देणारा मध्यस्थच मागच्या दाराने खरेदीदार असतो, अशा गोष्टी कानावर येतात. त्या वेळी हतबल होऊ नये, म्हणून ही दोन उदाहरणे पाठ असावीत.

धन्याचीही कर्तव्ये आहेत, आणि ती आपण सोयीने विसरतो. काम पूर्ण झाले की मोबदला देणे लागू होते, आणि तो मिळेपर्यंत धन्याची कागदपत्रे व माल अडवून ठेवण्याचा एजंटाला अधिकार असतो. गैरवर्तन केलेल्या भागापुरता मोबदला बुडतो, पण फक्त त्या भागापुरताच. कायद्यातील उदाहरणात एजंटाने एक लाख रुपये वसूल केले, त्यातील नव्वद हजार सुरक्षित ठिकाणी गुंतवले आणि दहा हजार अशा ठिकाणी, जे धोक्याचे आहे हे त्याला कळायला हवे होते. त्यात दोन हजार बुडाले. त्याला वसुलीचा आणि नव्वद हजारांच्या गुंतवणुकीचा मोबदला मिळतो, दहा हजारांचा मिळत नाही, आणि बुडालेले दोन हजार त्याला भरून द्यावे लागतात. हे उदाहरण वाचून आत्याचा राग जरा निवळला, कारण त्या गृहस्थांनी पहिली काही वर्षे चोख काम केले होते आणि त्या काळाची दलाली परत मागण्याचे तिच्या मनात होते. याशिवाय एजंटाने कायदेशीर काम करताना, किंवा सद्भावनेने सूचना पाळताना सोसलेला तोटा धन्याने भरून द्यायचा असतो. गुन्ह्याच्या कामात मात्र असे वचन फोल ठरते: एखाद्याला मारहाण करण्यासाठी माणूस नेमला आणि दंड आपण भरू असे सांगितले, तरी ते वचन न्यायालयात चालत नाही.

आता नाते संपते कसे, या मुख्य मुद्द्याकडे येतो. कलम २०१ मध्ये प्रकार दिले आहेत. धनी अधिकार काढून घेतो, एजंट काम सोडतो, काम पूर्ण होते, दोघांपैकी एक मरण पावतो किंवा बुद्धिभ्रंश होतो, अथवा धन्याला न्यायालय नादार ठरवते. अधिकार काढून घेण्यासाठी शब्दच उच्चारले पाहिजेत असे नाही. घर भाड्याने देण्यास एजंटाला सांगितले आणि नंतर धन्याने स्वतःच ते भाड्याने दिले, तर त्यातच अधिकार काढल्याचा अर्थ येतो. मुदत ठरलेली असेल आणि मुदतीआधी पुरेशा कारणाशिवाय धन्याने एजंटाला काढले किंवा एजंटाने काम टाकले, तर दुसऱ्या बाजूला भरपाई द्यावी लागते. वाजवी आगाऊ सूचना देणे दोघांवरही बंधनकारक आहे. आणि अधिकार काही अंशी वापरून झाला असेल तर, आधी झालेल्या कामातून जी देणी निर्माण झाली, तेवढ्यापुरता तो मागे घेता येत नाही.

पण हे सर्व प्रकार केव्हा लागू होतात, याचे उत्तर कलम २०८ मध्ये आहे, आणि आत्याच्या चार महिन्यांच्या भाड्याचे रहस्य तिथेच होते. मुखत्यारी संपण्याची वेळ सगळ्यांसाठी एकच नसते. एजंटाच्या बाबतीत ती त्याला कळते तेव्हा संपते. बाहेरच्या माणसांच्या बाबतीत ती त्यांना कळते तेव्हा संपते. आत्याने फोन केला त्या क्षणी त्या गृहस्थांचा अधिकार संपला होता, आणि नंतर घेतलेले भाडे त्यांनी अधिकार नसताना घेतले. भाडेकरूंच्या दृष्टीने मात्र तोच माणूस अजूनही मुखत्यार होता. कायद्याचे आपले उदाहरण मद्रास आणि मुंबईचे आहे. मद्रासच्या धन्याने पत्राने एजंटाला मुंबईतील गोदामातला कापूस विकण्यास सांगितले, मग दुसऱ्या पत्राने तो अधिकार काढून घेतला. दुसरे पत्र मिळाल्यावरही एजंटाने, पहिल्या पत्राची माहिती असलेल्या आणि दुसऱ्याची नसलेल्या माणसाला कापूस विकला, पैसे घेतले आणि पसार झाला. खरेदीदाराने दिलेले पैसे धन्याविरुद्ध पक्के धरले जातात. दोन निरपराध माणसांपैकी एकाला तोटा सोसावा लागणार असेल, तर ज्याने त्या एजंटाला पुढे केले त्यानेच तो सोसावा, असा न्याय त्यात आहे. भाडेकरूंच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले, तेव्हा मला तो पटला.

मृत्यूच्या बाबतीत गैरसमज याहून मोठा आहे. वडील वारल्यानंतर त्यांच्या मुखत्यारपत्रावर मुलगा किंवा पुतण्या वर्षानुवर्षे व्यवहार करत राहतो, कारण कागदावर रद्द असे कोणी लिहिलेले नसते. धनी वारल्यावर साध्या मुखत्यारपत्रातील अधिकार संपतो, आणि हे ठाऊक असताना त्यावर केलेली जमिनीची विक्री पुढे कोर्टात उभी राहणे कठीण असते. एजंटाला मृत्यूची बातमी कळण्यापूर्वी त्याने सद्भावनेने दिलेली रक्कम मात्र ग्राह्य ठरते. मुखत्यारपत्रांसाठी असलेला १८८२ चा स्वतंत्र कायदाही अशा एजंटाला संरक्षण देतो. आणि धनी गेला म्हणून एजंटाने त्या क्षणी हात झटकून मोकळे व्हावे असेही नाही. वारसांच्या हितासाठी, त्याच्या हवाली असलेल्या गोष्टी सांभाळण्यासाठी योग्य ती पावले त्याने उचलली पाहिजेत. ज्याने हे कलम लिहिले त्याने शोकात बुडालेल्या घराचा विचार केला होता, असे मला ते वाचताना नेहमी वाटते.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. त्या मालमत्तेतच एजंटाचा स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्याला बाधा येईल अशा रीतीने अधिकार काढून घेता येत नाही, आणि धन्याच्या मृत्यूनेही तो संपत नाही. माझी जमीन विकून, मी तुम्हाला देणे असलेले कर्ज त्यातून फेडून घ्या, अशा बोलीने दिलेला अधिकार या प्रकारचा आहे. मात्र कागदावर अपरिवर्तनीय हा शब्द छापला म्हणून हा अपवाद लागू होत नाही, आणि दलाली मिळण्याची आशा म्हणजे मालमत्तेतील हितसंबंध नव्हे. वाडा पाडून इमारत बांधण्याच्या करारात बिल्डर असे मुखत्यारपत्र आग्रहाने मागतात, तेव्हा त्यामागचा मोबदला आणि हक्क खरोखर कोणता आहे हे वकिलांकडून तपासून घ्यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हेही स्पष्ट केले की मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र एकत्र करून केलेल्या व्यवहाराने स्थावर मालमत्तेची मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच लागते. मुखत्यारपत्रावर घर घेतले, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

बाहेरच्या माणसानेही समोरच्या एजंटाचा अधिकार किती आहे हे पाहिले पाहिजे. विमा एजंटाला नियमांनुसार हप्ता स्वीकारण्याचा अधिकार नसताना एका विमेदाराने हप्ता त्याच्या हाती दिला, तो भरणा होण्यापूर्वीच विमेदाराचा मृत्यू झाला, आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमा महामंडळाला त्यासाठी जबाबदार धरले नाही. वकिलांच्या बाबतीत रीत आणखी वेगळी आहे: वकालतनामा, म्हणजे वकीलपत्र, न्यायालयात दाखल असतो, त्यामुळे तो मध्येच संपवायचा असेल तर लेखी अर्ज आणि न्यायालयाची परवानगी लागते.

अखेर आत्याने जे केले ते क्रमाने सांगतो. तिने त्या गृहस्थांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली, त्यात अधिकार काढून घेतल्याचे लिहून मूळ मुखत्यारपत्र, भाडेपावत्यांची पुस्तके आणि आजवरचा हिशेब मागितला. चारही भाडेकरूंना स्वतंत्र पत्रे दिली आणि त्यांच्या सहीच्या पोच ठेवल्या. बँकेला कळवले. मुखत्यारपत्राची नोंदणी ज्या कार्यालयात झाली होती, तिथेच ते रद्द केल्याचा दस्त नोंदवला, आणि शहरातील वर्तमानपत्रात जाहीर सूचना दिली, म्हणजे पुढे कोणी अनोळखी माणूस माहीत नव्हते असे म्हणू लागला तर तिच्याजवळ उत्तर राहील. गेलेल्या चार महिन्यांच्या भाड्यासाठी तिने भाडेकरूंचा नाद सोडला आणि कलम २१८ चा आधार घेऊन त्या गृहस्थांकडेच रक्कम मागितली. नवे मुखत्यारपत्र तिने माझ्या नावाने केले आहे. त्यात भाडे घेणे आणि कर भरणे एवढीच कामे लिहिली आहेत, विक्रीचा अधिकार दिलेला नाही, मुदत तीन वर्षांची आहे, आणि दर तीन महिन्यांनी हिशेब पाठवावा अशी अट मी स्वतः लिहायला सांगितली.